मोजपट्टी एकच हवी

(वाणिज्य शाखेच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसमोर केलेलं भाषण)



इथे बी.कॉम. आणि सीए करणारे बरेच जण बसले आहेत. उद्या तुम्ही ऑफिस थाटाल, सरकारी कामांच्या निविदा भराल आणि काही वेळा हराल. हरल्यावर काय करायचं, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. मी ते चुका करून शिकलो. त्याच चुका आज सांगतो.

आमची फर्म छोटी. दोन भागीदार, तीन आर्टिकल्स. काही वर्षांपूर्वी एका सरकारी संस्थेने लेखापरीक्षणासाठी निविदा काढली. किमान फी निविदेतच लिहिलेली होती. ती पाहणं गरजेचं असतं, कारण जे काम फक्त सीएच करू शकतात त्याच्या निविदेत किमान फी नसेल, तर आयसीएआयच्या नियमाप्रमाणे आपल्याला ती भरता येत नाही. गुणांकन ७०:३० होतं. म्हणजे तांत्रिक गुणांना ७० टक्के वजन आणि दराला ३० टक्के.

आमचा दर २,४०,००० रुपये, दुसऱ्या फर्मचा ३,००,०००. तरी काम त्यांना गेलं. एकूण गुण आमचे ७७.६, त्यांचे ७८.६. फरक एका गुणाचा.

मी ऑफिसात जाऊन विचारलं, तांत्रिक गुण कसे दिले? उत्तर आलं, "ते गोपनीय आहे."

त्या रात्री माझ्या डोक्यात काय आलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. फर्मच्या पाटीवर माझं नाव आहे ना, म्हणूनच. मी घरी तसं बोललोही. माझे अब्बा एसटीत कंडक्टर होते. त्यांनी एवढंच विचारलं, "कागद बघितलास का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग आधी कागद बघ. वेबिल जुळवल्याशिवाय पैसे कमी पडले असं मी कधी कोणाला सांगितलं नाही."

भेदभाव होत नाही, असं मी म्हणत नाही. भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या पोरांना विचारा. पण संशय हा पुरावा नसतो. आणि संशय घेऊन घरी बसलो, तर ज्याने चूक केली त्याचीच सोय होते.

मी तीन आठवडे रुसून बसलो. ही पहिली चूक. मग माहिती अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. मी मागितलं ते एवढंच: तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता, आणि अनुभवाचे गुण ज्या कागदांवर दिले ते कागद. उत्तर नकाराचं आलं. कलम ८(१)(ड), व्यापारी गोपनीयता. मी वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. त्यात लिहिलं की काम देऊन झालं आहे, आणि खरंच काही गोपनीय असेल तर कलम १० प्रमाणे तेवढं झाकून बाकीचं द्या. तक्ता मिळाला.

तक्ता पाहून आधी मलाच खाली बघावं लागलं. अनुभवासाठी कार्यपूर्ती प्रमाणपत्र मागितलं होतं. आम्ही दोन कामांच्या नुसत्या वर्क ऑर्डर जोडल्या होत्या. प्रत्येकी पाच, असे दहा गुण कापले गेले. चूक आमची होती, नावाची नव्हती.

मग पुढचं पान उलटलं. निवडलेल्या फर्मनेही दोन कामांच्या वर्क ऑर्डरच जोडल्या होत्या. त्यांना दहाच्या दहा गुण.

आता हिसाब करा. तांत्रिक गुण आमचे ६८, त्यांचे ७८. वर्क ऑर्डर चालते असं धरलं तर आम्हीही ७८, आणि एकूण ८४.६. चालत नाही असं धरलं तर तेही ६८ वर येतात, आणि त्यांचे एकूण ७१.६. नियम कोणताही लावा, दोघांना सारखा लावला की निकाल फिरतो.

कायद्याचं म्हणणंही हेच आहे. १९७९ चा रमणा दयाराम शेट्टी खटला वाचा. मुंबई विमानतळावरच्या रेस्टॉरंटची निविदा होती. ठरावीक दर्जाचं हॉटेल चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा, अशी अट होती. ती पूर्ण न करणाऱ्याला काम मिळालं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सरकारने स्वतः ठरवलेल्या अटी सरकारवरही बंधनकारक आहेत. याच्या मुळाशी राज्यघटनेचा अनुच्छेद १४ आहे. तरीही ते कंत्राट न्यायालयाने रद्द केलं नाही. अर्जदार उशिरा आला होता आणि तोवर समोरच्याने खर्च करून काम सुरू केलं होतं.

मीही तिथेच अडकलो. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "निकाल कधी लागला?" चार महिने झाले होते. त्यांनी समजावलं की १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालयं निविदेत अपील ऐकल्यासारखी बसत नाहीत. निर्णय कसा घेतला, एवढंच तपासतात. २००६ च्या जगदीश मंडल निकालानंतर सार्वजनिक हिताला धक्का लागतो का, हेही पाहिलं जातं. उशीर झाला की दार आणखी अरुंद होतं.

आम्ही कोर्टात गेलो नाही. दोन पानी निवेदन दिलं. निविदेतला अटीचा क्रमांक, तक्त्याचं पान, दोन्ही फर्मचे गुण आणि वरची बेरीज. कोणावर पैसे खाल्ल्याचा आरोप नाही, नावाचा उल्लेख नाही. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. चालू वर्षाचं काम तसंच राहील, पण मुदतवाढ दिली जाणार नाही, नवी निविदा निघेल. नव्या निविदेत गुणांचा तक्ता निकालाच्या दिवशीच पोर्टलवर चढला. त्यातही आम्ही दुसरे आलो. पण या वेळी का हरलो, ते संध्याकाळी सहा वाजता माहीत होतं.

तुम्ही माझ्यापेक्षा लवकर हाला. अट संदिग्ध वाटली तर प्री-बिड मीटिंगमध्ये लेखी विचारा. निकाल लागला की एक-दोन दिवसांत लेखी निवेदन द्या, माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघू नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू ठेवा. केंद्र सरकारची निविदा असेल, तर २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम १७३ वाचा. निविदा प्रक्रियेवर आणि नकारावर प्रश्न विचारण्याची तरतूद निविदेतच ठेवावी, असं तो सांगतो. तमिळनाडू, कर्नाटक, राजस्थान या राज्यांत अपिलाची तरतूद असलेले स्वतंत्र कायदे आहेत. आणि तक्रारीआधी स्वतःची फाईल उघडा. तुमचा कागद अपुरा असेल तर तो तुम्हालाच आधी सापडू द्या.

शेवटचं. हे काम लेखापरीक्षणाचं होतं. दवाखान्यातली औषधं आली का, पगार वेळेत झाले का, हे तपासणारा माणूस निवडायचा होता. तो निवडतानाच मोजपट्टी दोन असतील, तर पुढच्या हिसाबावर कोण विश्वास ठेवणार? सार्वजनिक पैसा ही अमानत आहे. तिच्याबद्दल विचारलं म्हणजे वैर धरलं, असं होत नाही.

अब्बांना मी तो तक्ता दाखवला होता. चष्मा लावून त्यांनी बेरीज स्वतः करून पाहिली आणि म्हणाले, "जुळलं."