माहिती म्हणजे काय?

(वडाळा, मुंबई येथे प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासभेटीच्या प्रसंगी शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. त्याचे कारणही मला ठाऊक आहे. 'माहिती' हा शब्द कानी पडला की शिक्षकाला प्रथम आठवतो तो वरून आलेला निरोप: "सोबतच्या तक्त्यात माहिती भरून सायंकाळपर्यंत सादर करावी." पटसंख्येची माहिती, पोषण आहाराची माहिती, संगणकावर चढवावयाची माहिती. अशा निरोपांपैकी काही मीच पाठविलेले आहेत. तेव्हा या बाबतीत मी आपला अपराधी आहे. परंतु ज्या शब्दाशी आपला इतका निकटचा, आणि थोडासा कंटाळ्याचा, संबंध आहे, त्याचा अर्थ निरनिराळ्या शास्त्रांत काय होतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो आज करावा असे मी योजिले आहे.

विषय अमूर्त आहे. म्हणून तो या वडाळ्याच्याच आधाराने मांडतो.

आपण हार्बर मार्गाने आलात. वडाळा रोड स्थानकापाशी या मार्गाला दोन फाटे फुटतात. एक कुर्ल्याकडून पनवेलकडे जातो, दुसरा माहीमवरून अंधेरी-गोरेगावकडे. फलाटावर उभ्या असलेल्या उतारूला उत्तरेकडे जावयाचे असेल, तर गाडी कोणत्या फाट्याची, हे कळल्यावाचून त्याला पाऊल उचलता येत नाही. त्याचा कान घोषणेकडे लागलेला असतो. उलट, दक्षिणेकडे जाणाऱ्या उतारूला ती चिंता नाही. येथून त्या दिशेची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्याच बाजूला जावयाची. ती त्या बाजूला जात आहे असे कोणी दहा वेळा ओरडून सांगितले, तरी त्याच्या ज्ञानात तिळमात्र भर पडत नाही.

दूरसंचारशास्त्राने 'माहिती'ची जी व्याख्या केली, तिचे बीज या दोन फलाटांत आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली असे प्रतिपादन केले की, संदेशामुळे आपली जेवढी अनिश्चितता दूर होते, तेवढी त्यात माहिती. दोन सारख्याच संभवनीय गोष्टींपैकी कोणती घडली हे सांगणारा संदेश म्हणजे माहितीचे एक एकक. त्यास 'बिट' म्हणतात. मनात एक ते आठपैकी एखादा आकडा धरावयास सांगा. "चारपेक्षा मोठा आहे काय?" अशा पद्धतीने, केवळ होय-नाही उत्तरांचे तीन प्रश्न विचारले की आकडा सापडतो. आठांतून एक निवडणे म्हणजे तीन बिट. आता आठ गाड्यांपैकी सात एका फाट्याला आणि एकच दुसऱ्या फाट्याला जात असेल, तर त्या एका दुर्मीळ गाडीच्या घोषणेतही तीन बिट माहिती असते. नेहमीच्या गाडीच्या घोषणेत फारच थोडी. जे अपेक्षितच होते, ते सांगण्यात माहिती नसते. हा खेळ चौथीच्या वर्गातही घेता येतो; मुलांना तो फार आवडतो.

मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. शॅननच्या या मापात अर्थाला स्थान नाही. संदेश शुभ की अशुभ, खरा की खोटा, याच्याशी तारयंत्राला कर्तव्य नसते. मजुराच्या गाडीची घोषणा आणि घरच्या मृत्यूची तार, दोन्ही त्याच्या तराजूत सारख्याच भरू शकतात. अभियंत्याला एवढे पुरते. आपल्याला पुरत नाही.

याच वडाळ्यात अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. १८९० साली, हा भाग शहराबाहेरचा समजला जात असताना, निराधार कुष्ठरोग्यांसाठी हे आश्रयस्थान स्थापन झाले. त्यात पुढाकार होता मुंबईचे तत्कालीन महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांचा. आता गंमत पाहा. याच गृहस्थांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि पुढे १८९४ साली काही पोवाड्यांचा इंग्रजी अनुवादही छापला. एकाच माणसाच्या मेजावर एका बाजूला रोग्यांची यादी आणि दुसऱ्या बाजूला शाहिरांची कवने! दोन्हीही माहितीच, पण केवढ्या भिन्न जातीच्या!

प्रथम पोवाडा घेऊ. शाहीर तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात घोरपड कड्यावर चढते. इतिहासकार येथे थांबतो. सिंहगड १६७० च्या फेब्रुवारीत जिंकला गेला आणि तानाजी मालुसरे तेथे पडले, हे तो मान्य करतो. घोरपडीला मात्र तो पुरावा मागतो. हे कोणी लिहिले, घटनेनंतर किती काळाने लिहिले, लिहिणारा तेथे होता काय, हे त्याचे प्रश्न. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे शोधीत राहिले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचे खंड प्रसिद्ध करू लागले, ते याच दृष्टीने. मागाहून रचलेल्या रसाळ बखरीपेक्षा त्या दिवशी लिहिलेली रूक्ष चिठ्ठी इतिहासाला अधिक मोलाची वाटते. पण साहित्याच्या अभ्यासकाला विचारा. तो म्हणेल, घोरपड चढली की नाही हा माझा प्रश्नच नव्हे. लोकांनी हा पराक्रम कसा मनात धरला, याची माहिती मला पोवाड्यातच मिळते. इतिहासाने जे बाजूला ठेवले, ते साहित्याने उचलून घेतले.

'वडाळा' या नावाचेही तसेच. वडांच्या झाडांवरून हे नाव पडले असे लोक सांगतात, आणि ते संभवनीयही आहे. परंतु भाषाशास्त्रज्ञ तेवढ्यावर संतुष्ट होत नाही. महाराष्ट्रात वडाळा नावाची गावे अनेक आहेत. त्यांची जुन्या कागदांतील रूपे ताडून पाहावी, मग बोलावे, असे तो म्हणतो. लोकसमजूत ही त्याला माहिती नव्हे, माहितीकडे जाणारी वाट आहे.

आता रोग्यांच्या यादीकडे वळू. वैद्याच्या दृष्टीने माहिती म्हणजे लक्षण: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्या ठिकाणी स्पर्श न जाणवणे. येथे एक विलक्षण गोष्ट आहे. इतर रोगांत वेदना वैद्याला वाट दाखविते. या रोगात वेदनेचा अभाव हीच माहिती. जे जाणवावयास हवे ते जाणवत नाही, हे कोणीतरी लक्षपूर्वक पाहावे लागते.

जीवशास्त्र आणखी खोल जाते. नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू पाहिला. २००१ साली त्या जंतूचा संपूर्ण आनुवंशिक लेख वाचून झाला. हा लेख चार अक्षरांच्या लिपीत असतो. या जंतूत अशी सुमारे ३३ लाख अक्षरे आहेत. चारांतून एक अक्षर निवडणे म्हणजे दोन बिट. म्हणजे सगळा जंतू सुमारे ६६ लाख बिटांत मावला. आपल्या खिशातील दूरध्वनीवर काढलेले एखादे छायाचित्रही याहून अधिक जागा व्यापते! आणि त्यातही कार्यक्षम जनुके सुमारे १,६०० च आहेत. अकराशेच्या वर जनुके मोडकी, निकामी झालेली आढळली. म्हणूनच की काय, हा जंतू यजमान प्राण्याच्या देहाबाहेर, प्रयोगशाळेच्या साध्या पोषकद्रव्यावर, वाढविता येत नाही. शॅननच्या मापाने पाहिले तर निकामी अक्षर आणि कामाचे अक्षर सारखेच. जीवशास्त्राच्या मापाने, ज्याने काही घडते तीच माहिती.

संख्याशास्त्रज्ञाला मात्र रोग्याचे नावही नको असते. त्याला प्रमाण हवे. दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रोगी, ही मर्यादा भारताने राष्ट्रीय पातळीवर २००५ च्या अखेरीस गाठली. ही माहिती खरी आहे. परंतु जगात दर वर्षी सापडणाऱ्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात, हीही माहिती तितकीच खरी आहे. सरासरी देशाविषयी सांगते. ती तुमच्या वाडीतील घराविषयी काहीच सांगत नाही.

कायद्याची दृष्टी याहून वेगळी. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमात माहितीची जी व्याख्या आहे, तीत अभिलेख, परिपत्रके, आदेश, अहवाल यांच्याबरोबर अभिप्राय आणि नमुनेही येतात. खरे-खोटे हा तेथे निकष नाही; ते सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यात आहे काय, हा निकष. तरीही रोग्याचे नाव आणि त्याचा आजार चव्हाट्यावर मांडण्याची मोकळीक कायदा देत नाही. आणि कायद्यालाही जुनी माहिती टाकून द्यावी लागते. रोग्यांना वेगळे डांबण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणे २०१९ साली बंद झाले. शास्त्राने सांगितलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात पोहोचावयास किती वर्षे लागली, याचा हिशेब आपणच करा.

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतील 'शब्द' म्हणजे वाटेल त्याचे बोलणे नव्हे, तर आप्ताचे, म्हणजे जाणत्या व विश्वासू माणसाचे, वचन. शाळेच्या नोंदवहीतील आपला शेरा हा पुढे कित्येकांना असाच आप्तवाक्य म्हणून प्रमाण वाटतो.

या ठिकाणी मला माझीच एक चूक सांगावयाची आहे. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मी एका खेड्यात नव्यानेच शिक्षक झालो होतो. आरोग्याच्या तक्त्यात प्रत्येक मुलापुढे शेरा लिहावयाचा होता. दिवस मावळत आलेला. मी वरपासून खालपर्यंत एकाच हाताने 'ठीक' असे लिहीत गेलो. त्यात तिसरीतला एक मुलगा होता. त्याच्या कोपरावर फिकट चट्टा होता, तो मी पाहिला होता. त्याच्या बोटांवर भाजल्याचे डाग असत. एकदा चुलीवरचे पातेले उचलताना भाजले असे तो म्हणाला, आणि "दुखले नाही, गुरुजी," असेही म्हणाला. मी त्याला धांदरट म्हटले. मुले हसली. तोही हसला.

शॅननच्या भाषेत सांगावयाचे, तर माझ्या त्या तक्त्यात माहितीचा एक बिटही नव्हता. कारण प्रत्येक नावापुढे 'ठीक' हेच येणार, हे आधीच ठरलेले होते. आणि ज्या एका वाक्यात माहिती होती, "दुखले नाही", ते मी नोंदविलेच नाही. रोगाचे औषध त्या काळीही होते, आणि ते विनामूल्य मिळत होते. पुढे बारा-चौदा वर्षांनी तालुक्याच्या बाजारात तो मला भेटला. त्याने वाकून नमस्कार केला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे आत वळलेली होती. रोग बरा झालेला होता. बोटे तशीच राहिली होती. "उशिरा कळले, गुरुजी," एवढेच तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती असती तर मला थोडे हलके वाटले असते.

बंधुभगिनींनो, आपण रोगनिदान करावे असे मी सुचवीत नाही. ते आपले काम नव्हे. परंतु पाहणे आणि पाहिले ते लिहिणे, हे आपले काम आहे. असा चट्टा दिसला, किंवा भाजल्याचे दुखत नाही असे मूल म्हणाले, तर चारचौघांत त्याचा उच्चार न करता पालकांशी आणि आरोग्य केंद्राशी बोलावे. उपचार रोगाच्या प्रकारानुसार साधारणतः सहा ते बारा महिन्यांचा असतो. तो सुरू होताच रोग पसरण्याचा धोका झपाट्याने कमी होतो. त्या मुलाला वर्गातून दूर बसविण्याचे काहीएक कारण नाही. हीच गोष्ट आरोग्याधिकाऱ्याच्या कानी गेली तर ती माहिती. पाणवठ्यावर गेली तर कुजबूज. शब्द तेच, परंतु एकाने बोटे वाचतात आणि दुसऱ्याने शाळा सुटते.

वर्गातही हा विषय न्यावा. गावातील एकच वस्तू, जुनी विहीर म्हणा, घ्या आणि मुलांचे गट करा. एकाने तिची खोली मोजावी, दुसऱ्याने ती कोणी बांधली हे वृद्धांना विचारावे, तिसऱ्याने पाण्याचे परीक्षण कधी झाले ते ग्रामपंचायतीत पाहावे, चौथ्याने तिच्यावरील ओव्या, गोष्टी जमवाव्यात. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: हे तुला कशावरून कळले? ते खोटे ठरले तर कशाने ठरेल? याचा उपयोग कोणाला? एक विहीर, चार विषय, आणि चार प्रकारची माहिती. कोणता विषय कोणते प्रश्न विचारतो, हे ज्या मुलाला कळले, त्याला पाठ्यपुस्तकाच्या बाहेरचे जगही वाचता येऊ लागेल.

राहता राहिले आपले तक्ते. ते कमी व्हावेत, ही आपली मागणी रास्त आहे आणि ती मी वरिष्ठांकडे मांडीत आलो आहे. परंतु जोवर ते भरावयाचे आहेत, तोवर एक विनंती. सगळ्या ओळींत एकच शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर लेखणी थांबवा आणि त्या नावाचे मूल डोळ्यांपुढे आणा. ज्या रकान्यात सर्वत्र 'ठीक' आहे, तो रकाना मी तपासणीच्या वेळी आता नेहमी दोनदा वाचतो.