शेजारघरांसाठी बिनतारी संच निवडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलण्यासाठी जो विषय दिला आहे तो ऐकून काही जणींना हसू आले असेल. पापड-लोणची, बचतगट, हळदीकुंकू हे आपले नेहमीचे विषय. त्यांत ही पोलिसांच्या हातातली वॉकी-टॉकी कोठून आली? परंतु मंडळाच्या शिलकीतून अडीअडचणीच्या वेळेसाठी असे संच घ्यावेत काय, आणि घ्यावयाचे तर कोणते, हा प्रश्न आता आपल्यापुढे आला आहे. पैसा आपल्या सर्वांच्या घामाचा आहे. म्हणून चार गोष्टी नीट समजून घेऊन मग हात वर करावा, एवढीच माझी विनंती आहे.

गरज काय, हे वरवट बकालच्या बायांना फार सांगावे लागणार नाही. आपल्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. डोंगरात पाऊस कोसळला की आपल्याकडच्या नद्या-नाले पाहता पाहता भरून येतात. 22 जुलै 2023 रोजी आपल्या संग्रामपूर तालुक्यात आणि जळगाव जामोद तालुक्यात जो पाऊस झाला, तो कोण विसरेल? शेते खरडून गेली, घरांत पाणी शिरले, रस्ते बंद झाले. त्यातच आपला हा खारपाणपट्टा. मूत्रपिंडाच्या दुखण्याचे रोगी आपल्या तालुक्यात किती आहेत, हे आपण जाणतोच. एखाद्या घरी असा रोगी आहे, एखाद्या घरी दिवस भरलेली लेक माहेरपणाला आली आहे, एखाद्या घरी म्हातारी एकटीच आहे. अशा घराला अपरात्री शेजार हाच पहिला आधार.

कोणी म्हणेल, आता घरोघरी मोबाइल आहे, मग हे खूळ कशाला? बरोबर आहे. मोबाइल चालू आहे तोवर त्यासारखे साधन नाही. 112 लावला की मदत मागता येते, 108 लावला की रुग्णवाहिका मागता येते. परंतु मोबाइल बोलतो तो टॉवरच्या जिवावर. लाइन गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, पुढे डिझेलवर. रस्ताच बंद झाला तर डिझेल कोण नेणार? शिवाय संकटाच्या वेळी सारे जण एकदमच फोन लावतात आणि कोणाचाच लागत नाही. वॉकी-टॉकीला मध्ये टॉवर लागत नाही, तार लागत नाही आणि दरमहा पैसेही भरावे लागत नाहीत. या हातातला संच थेट त्या हातातल्या संचाशी बोलतो.

बिनतारी यंत्र हे पुरुषांचेच काम असे ज्यांना वाटते, त्यांना मी दिल्लीच्या भारती प्रसाद यांचे उदाहरण सांगते. त्या हौशी बिनतारी केंद्र चालवणाऱ्या. डिसेंबर 2004 मध्ये रीतसर परवानगी काढून त्या आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. 26 डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली, बेटांचे दूरध्वनी बंद पडले. तेव्हा या बाईंनी आपले यंत्र चालू ठेवले आणि बेटावरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर त्यांच्या आप्तांना कळवली. त्यांचे यंत्र मोठे. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, परवाना काढावा लागतो. आपल्याला समुद्रापार बोलायचे नाही, या गल्लीतून त्या गल्लीत बोलायचे आहे. पण एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. संकट आले त्या दिवशी त्यांनी यंत्र शिकायला घेतले नाही. हात आधीच बसलेला होता, आणि पलीकडे ऐकणारेही होते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, संच निवडण्याआधी ऐकणारे घर निवडा. कितीही भारी यंत्र घेतले आणि पलीकडचे यंत्र बंद करून कपाटात ठेवलेले असले, तर आपली हाक रानातच जाणार. ज्या घरी रात्री कोणी ना कोणी असते, ज्या घरचे माणूस हाक ऐकून उठेल, ज्या घरी गाडी किंवा दुसऱ्या कंपनीचा फोन आहे, असे घर आधी ठरवा. मग दुकान.

आता कायद्याची गोष्ट. वाटेल तो बिनतारी संच बाळगणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. मात्र 2018 सालच्या सरकारी नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट दिली आहे. आपण घ्यावयाचे ते हेच. शक्ती साधारण अर्धा वॅट. खोक्यावर हा आकडा छापलेला आहे काय ते पाहावे, आणि सरकारची मान्यता, जिला ईटीए म्हणतात, ती आहे काय हे दुकानदाराला विचारावे. 'पाच वॅटचा देतो, लांबवर जाईल, कोण पाहते?' असे कोणी म्हणाले तर नमस्कार करून उठावे. तसले संच पोलीस आणि इतर सेवांच्या लहरींत शिरून त्यांच्या कामात अडथळा आणू शकतात. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या तेरा कंपन्यांना याच कारणासाठी नोटिसा पाठवल्या होत्या. तेव्हा मोबाइलवर चित्र पाहून मागवताना दुप्पट सावध असावे. जत्रेत मिळतात ती जोडी तर निव्वळ खेळणे. ती नातवंडांसाठी ठीक.

पल्ला किती, हा पुढचा प्रश्न. खोक्यावर पाच किलोमीटर, आठ किलोमीटर लिहिलेले असते. ते मोकळ्या मैदानातले. विटांच्या भिंती, स्लॅब, टिनपत्रे मध्ये आली की आवाज अडतो. माझ्या भाच्याने अशी एक जोडी चार दिवसांसाठी आणली होती. एक मी घेतला, एक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या जाऊबाईंना दिला. स्वयंपाकघरातून बोलले तर नुसती खरखर. अंगणात आले तर अर्धे शब्द. गच्चीवर गेले आणि "आयकू येते काय वो बाई?" म्हटले, तर शेजारी बसून बोलावे तसे स्वच्छ उत्तर आले. म्हणून शब्दावर विश्वास न ठेवता, ज्या दोन घरांसाठी घ्यायचा त्याच दोन घरांतून बोलून पाहावे, आणि आवाज कोठून लागतो ती जागा ठरवून ठेवावी. दुकानदार परत घेईल काय, हे आधीच बोलून घ्यावे.

यापुढच्या गोष्टी आपण भांडे पारखतो तशाच पारखाव्यात. बटणे मोठी व थोडी असावीत. सासूबाईंना चष्म्यावाचून सापडली पाहिजेत. मोबाइलच्या चार्जरवर भरणारा आणि वेळेला बाजारातले साधे सेलही चालणारा संच सर्वांत बरा, कारण लाइन नसतानाच त्याचे काम. साधे सेल कायम आत ठेवू नयेत, ते पाझरून यंत्र खातात. पावसाच्या शिंतोड्यांनी बिघडणार नाही असे अंग असावे. पुढे आणखी घरे जोडायची झाली तर त्याच पट्ट्यातले संच घ्यावेत, म्हणजे एकीने बोललेले साऱ्यांना ऐकू जाते.

दोन्ही घरी चॅनेलचा आकडा एकच हवा, आणि त्याखालचा कोडचा लहान आकडाही एकच. हे आकडे कागदावर लिहून संचाला चिकटवावेत. कोड लावला म्हणजे आपले बोलणे गुप्त झाले, असे मात्र समजू नये. कोडमुळे दुसऱ्यांचा आवाज आपल्याला येत नाही, एवढेच. आपला आवाज त्या चॅनेलवरचे कोणीही ऐकू शकते. 'आज घरी मी एकटीच आहे' असे त्यावर बोलू नये, आणि भाजी काय केली हेही बोलू नये.

बोलण्याची रीतही शिकावी लागते. बटण दाबावे, क्षणभर थांबावे, मग बोलावे, आणि बटण सोडावे. दोघींनी एकदम दाबले तर कोणालाच ऐकू येत नाही. भांडणात चालेल, येथे चालत नाही! निरोपात चारच गोष्टी: कोण बोलते, कोठून, काय झाले, काय हवे. ऐकणारीने तो निरोप परत म्हणून दाखवावा.

रात्रभर संच चालू ठेवला तर बॅटरी उतरते. म्हणून मुसळधार पावसाच्या रात्री दर तासाला, घड्याळात पूर्ण तास झाला की, पाच मिनिटे दोन्ही घरांनी ऐकावे. दोन वेळा एखाद्या घराचे उत्तर आले नाही, तर सुरक्षित वाट पाहून दोघा-तिघांनी मिळून पाहून यावे. एरवी दर रविवारी सकाळी एकदा बोलून पाहावे. यंत्र आणि नाते, दोन्ही वापरात असली तरच टिकतात.

या संचावरून 108 ला हाक जात नाही, पूर ओसरत नाही, रोग्याला औषध मिळत नाही. शेजारणीला जाग येते, इतकेच. पण त्या जागेपणातूनच पुढची मदत सुरू होते.

माझी सूचना अशी की, मंडळाने सध्या एकच जोडी घ्यावी. एक संच जेथे आजारी, अवघडलेली किंवा एकटी बाई आहे त्या घरी, आणि दुसरा तिच्यासाठी उठण्याचे कबूल करणाऱ्या घरी. एक पावसाळा पाहावे. उपयोगी पडले तर आणखी घ्यावेत. तेव्हा संचाच्या किमतीवर चर्चा करण्याआधी, अपरात्री उठण्यास कोण तयार आहे ती नावे आजच अध्यक्षबाईंकडे द्यावीत. माझे नाव मी दिले आहे.