तेलाचा तवंग आणि कोळणीची पाटी

(मेळाव्यात केलेले भाषण)



यंदा फेब्रुवारीत मी मुंबईहून कोचीला विमानाने गेले. तिकीट संस्थेनं काढलं होतं, नाहीतर आपली धाव कोकणकन्येपर्यंत! खाली एका जहाजामागे लांबच लांब रुपेरी पट्टा दिसला, कडेला इंद्रधनुष्याचे रंग. आजूबाजूला बारीक लाटा आणि पट्ट्यात पाणी अगदी गुळगुळीत. तेल लहान लाटा दाबून टाकतं, म्हणून ते उंचावरून ओळखू येतं. हा रुपेरी थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. इंजिनखोलीतलं तेलकट पाणी सोडायला मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानं मर्यादा घातली आहे: दहा लाख भागांत 15 भाग तेल. एवढं कमी तेल सहसा डोळ्यांना दिसतच नाही. हा पट्टा तर विमानातून दिसत होता.

तेल वरून दिसतं. पण ते किनाऱ्याला लागल्यावर काय होतं?

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही जहाजं धडकली. सुमारे 800 टन तेल सांडलं. कंटेनर समुद्रात पडले, काहींत कीटकनाशकं होती. हेलिकॉप्टरमधून पाहणी झाली, वर्तमानपत्रांत तवंगाचे फोटो आले. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, आणि बाजारात गिऱ्हाईक म्हावऱ्याच्या पाटीकडे फिरकेना. रायगडच्या किनाऱ्यावर खारफुटीच्या मुळांना तेल चिकटलं. अशाच चिखलात उतरून बायका हातानं तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या गोळा करतात. त्यांच्याकडे ना बोट, ना परवाना.

पुढे एकदा भरपाईच्या चौकशीला एका कोळीणमावशींबरोबर कचेरीत गेले. पहिलाच प्रश्न, “बोटीचा नंबर?” मावशी म्हणाल्या, “माझी पाटी हाय, तिला नंबर कुठला?” साहेब हसले. मला नाही हसू आलं.

2011 साली मुंबईजवळ ‘एमव्ही रॅक’ बुडालं. 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं 100 कोटींची पर्यावरण-भरपाई ठरवली, जहाजवाहतूक मंत्रालयाकडे भरायची. निकाल मोठाच. पण पाटीवालीचा बुडालेला धंदा मांडायचा, तर रोजची विक्री लिहिलेली हवी. ती आज कुणाकडेच नाही, सोसायटीकडेही नाही. तेव्हा किती माल घेतला, किती विकला, किती फेकला, एवढंच रोज लिहायचं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून लिहून घ्या. कोऱ्या वह्या मी बरोबर आणल्या आहेत, जाताना घेऊन जा.