सातबाऱ्यावर आपले नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी मारेगाव येथे केलेले भाषण)



आज मी बोलणार असे कळताच एकीने विचारले, लोणच्यावर बोलणार की पापडावर? पण लोणचे मुरले तर चांगले. वारसाची नोंद मुरत ठेवली तर पुढच्या पिढीचे भांडण होते. म्हणून सातबाऱ्यावर चार शब्द सांगते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सातबारा वाचायला तेवढे पुरते.

सातबारा म्हणजे दोन नमुने एका कागदावर. सातमध्ये जमीन कोणाच्या नावे, किती, तिच्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा किती, हे असते. बारामध्ये पिकाची नोंद. नाव बदलायचे असले की ते आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत चढते आणि मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावर येते. हा कागद मालकीचा अखेरचा शब्द नव्हे. पण उलट सिद्ध होईपर्यंत त्यावरची नोंद खरी धरतात, आणि गावात सगळी कामे त्याच्यावरच चालतात.

आता आपल्या भागातले नेहमीचे चित्र पाहा. सासरे जाऊन बारा वर्षे झाली, मागून नवराही गेला, आणि जमीन अजून सासऱ्यांच्याच नावे. निंदणाला तीच, कापूस वेचायला तीच. पण कागदावर शेतकरी स्वर्गवासी! ती पीककर्जाला गेली की सातबारा मागतात. पीकविम्याला तोच, किसान सन्मानच्या वर्षाच्या सहा हजारांना तोच. आपल्या जिल्ह्यात ज्या घरचा कर्ता पुरुष विष पिऊन गेला, तिथे तर डोळ्यांचे पाणी खळण्याआधी कागद मागतात. अशा बाईला एक नोंद पुरत नाही. आधी सासऱ्यांचे वारस, मग नवऱ्याचे, असे दोन फेरफार करावे लागतात. तोवर दिराची मर्जी सांभाळायची.

कायदा तिच्या बाजूचा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, मृत्युपत्र केलेले नसेल तर, पुरुषाच्या मागे त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा आहे. नवरा सासऱ्यांच्या आधी गेला असेल तरी त्याचा वाटा त्याच्या बायकामुलांना येतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्माने हिस्सेदार, हे २००५ च्या दुरुस्तीने ठरले. लग्न झाले म्हणून तो हक्क जात नाही.

वारसाची खबर तीन महिन्यांच्या आत द्यावी असे महसूल कायदा सांगतो. आपल्याकडे अजून पटवारीच म्हणतात. कागदावर तो तलाठी झाला, आणि २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी. त्याच्याकडे मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे लिहिलेले शपथपत्र घेऊन जावे. अर्ज दिल्याची पोच मागून घ्यावी. ती देणे त्याचे काम आहे. मग नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. अर्जात कोणाकोणाची नावे लिहिली हे सहीआधी वाचावे. बहिणींची आणि विधवेची नावे वरच्या कब्जेदारांत न घालता खाली ‘इतर अधिकारात’ टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. जुने सातबारे काढून पाहा, सापडतील.

१ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, मयतांच्या जागी वारस लावण्याची. पण गावाचे काम झाले असे ऐकून स्वस्थ बसू नये. आपले नाव डोळ्यांनी पाहावे.

हक्कसोडीबद्दल बोलले की काहींना राग येतो. भावाने साडीचोळी केली, गाडीभाडे दिले, आणि बहिणीने कार्यालयात जाऊन सही केली. राजीखुशीने सोडणारीला मी नावे ठेवीत नाही; माहेरचे दार उघडे राहावे असे कोणाला वाटत नाही? पण काय सोडले हे तिला ठाऊक असावे. किती एकर, कोणत्या गटातले, हे न सांगता घेतलेली सही ही ओवाळणी नव्हे. शिवाय हक्कसोड नोंदणी केलेलीच लागते. साध्या कागदावर अंगठा घेऊन हक्क सुटत नाही.

नवरा हयात असतानाही सोय आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि अनेक गावांतल्या पुरुषांनी जमिनीचा वाटा बायकोच्या नावे केला. १९९२ मध्ये सरकारने नियमच काढला की नवऱ्याने अर्ज दिला तर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावावे. यंदा संक्रांतीला पातळाऐवजी हा अर्ज मागून पाहा.

पोडावरच्या कोलाम आणि आपल्या गोंड भगिनींची गोष्ट निराळी. १९५६ चा कायदा आदिवासींना लागू नाही, तिथे रूढी पाहतात. तरी जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड घरच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या वारसांना वाटा दिला. रूढीने बाईला हक्क नाही असे म्हणणाऱ्याने ती रूढी सिद्ध करावी लागते. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात तर जोडप्याचा पट्टा दोघांच्या नावे द्यावा असे लिहिलेलेच आहे. ज्यांना पट्टे मिळाले त्यांनी बायकोचे नाव आहे ना, एवढे पाहावे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा आणि आठ-अ आणावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याजवळ मी बसेन. चष्मा मात्र ज्याचा त्याने आणावा.