दीड सेंटिमीटरचे गणित

रडारचा अँटेना न फिरवता किरणशलाका वळवायची, तर त्यातील घटकांत सुमारे अर्ध्या तरंगलांबीचेच अंतर लागते. दहा गिगाहर्ट्झला ते दीड सेंटिमीटर. म्हणजे एका चौरस मीटरात सुमारे ४४०० घटक! अंतर दुप्पट केले तर घटक चतुर्थांशावर येतात, खर्च उतरतो; पण भलत्याच दिशेला दुसरी शलाका उमटते आणि विमान नेमके कोठे, हा संभ्रम उरतो. ही काटकसर कसली?

बचत घटकांमागच्या यंत्रणेत करावी लागते. ‘राजेंद्र’ रडारमध्ये एकाच प्रक्षेपकाची शक्ती हजारो फेराइट कलाबदलकांत वाटली जाते. दिल्लीच्या आय.आय.टी.त प्रा. भारती भट यांच्या चमूने ते घडवले. मात्र प्रक्षेपक बंद, तर रडार मुके. ‘उत्तम’मध्ये घटकागणिक प्रक्षेपक-ग्राहक आहे, खर्च मोठा, पण काही निकामी झाले तरी दृष्टी शाबूत राहते.