ब्रह्मचाऱ्यांच्या ढाली



सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा आठ टोकांचा पांढरा क्रूस प्रथमोपचाराच्या वर्गांमुळे आपल्याकडेही ओळखीचा आहे. हे चिन्ह मूळचं एका लढवय्या कॅथलिक पंथाचं. जेरुसलेममध्ये यात्रेकरूंची शुश्रूषा करणाऱ्या या पंथाला १११३ साली पोपची मान्यता मिळाली. पुढे त्यांनी तलवारही उचलली. जेरुसलेम सुटलं, मग मुक्काम ऱ्होड्सला, आणि १५३० पासून माल्टाला.

त्यांची निशाणी साधी होती: काळ्या झग्यावर पांढरा क्रूस, ढालीवर तांबड्या रंगावर सरळ पांढरा क्रूस. धुरळ्यात, दुरून, आपला कोण ते चटकन कळावं, एवढंच तिचं काम.

पण माणूस घरदार सोडतो, घराणं सोडत नाही. सरदार म्हणून या पंथात शिरायचं तर कुलीनता सिद्ध करावी लागे. जर्मन उमेदवाराला सोळा खापरपणजोबा-खापरपणज्यांची कुळं दाखवावी लागत. म्हणजे ब्रह्मचर्याची शपथ घेण्याआधी सोळा लग्नघरांचा हिशेब द्यायचा! आणि पंथाच्या प्रमुखाची, ग्रँड मास्टरची ढाल चार खणांची असे. पहिल्या आणि चौथ्या खणात पंथाचा क्रूस, दुसऱ्या-तिसऱ्यात घराण्याचं चिन्ह. मान पंथाला, पण घराणंही हजर.

ही तडजोड किती ताणता येते, ते माल्टाच्या व्हॅलेटा शहरातल्या ‘ऑबेर्ज द कास्तीय’ या वाड्यावर दिसतं. दर्शनी दाराच्या वर ग्रँड मास्टर पिंटो यांचा अर्धपुतळा आहे आणि त्यांचं कुलचिन्हही. पिंटो पोर्तुगीज. त्यांच्या घराण्याची खूण पाच तांबड्या चंद्रकोरी. उस्मानी तुर्कांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेल्या पंथाच्या प्रमुखाच्या ढालीवर चंद्रकोरी! त्यात विसंगती नव्हती, कारण तिथे धर्म बोलत नव्हता, कुळ बोलत होतं. याच पिंटोंनी ढालीवर राजाचा बंद मुकुट चढवला. दारिद्र्याची शपथ घेतलेला माणूस दगडात स्वतःला राजा म्हणवून घेत होता.

नेपोलियनला ढालींची ही भाषा नीट वाचता येत होती. १७९८ साली माल्टा घेताच त्यानं कुलचिन्हं काढून टाकण्याचा हुकूम सोडला, आणि छिन्नी चालली. तरी व्हॅलेटामधल्या सेंट जॉनच्या चर्चमध्ये जमिनीवर रंगीत संगमरवरी थडगी अजून आहेत, सुमारे चारशे. एकेका फरशीवर ढाल, तिच्याभोवती झेंडे, तोफा, कुठे पंख असलेला सांगाडा.

पाहणाऱ्याला यातली किती घराणी ओळखू येतात? फारशी नाहीत. उलट तो आठ टोकांचा क्रूस आज रोममधून चालणाऱ्या या पंथाच्या रुग्णवाहिकांवर आहे, माल्टाच्या युरो नाण्यांवर आहे. घराण्याचं चिन्ह वाचायला आधी घराणं माहीत असावं लागतं. जखमी माणसाला मदत कुणाकडे मागायची हे कळायला तो क्रूस पुरतो. म्हणून तो टिकला.