चुकीच्या अलीकडची चौकशी



अपघाताच्या चौकशी अहवालात ‘मानवी चूक’ हे शब्द आले की फाइल बंद होते. कोणीतरी निलंबित होतो, एक परिपत्रक निघते आणि यंत्रणा होती तशीच पुढच्या पाळीच्या हाती जाते. माझे म्हणणे असे की, खरी चौकशी या शब्दांपासून सुरू व्हायला हवी. जाणत्या माणसाला ती चूक त्या क्षणी बरोबर का वाटली, हे शोधल्याशिवाय पुढचा अपघात टळत नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचे उदाहरण घ्या. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला; कारण व्हॉल्व्ह खरोखर मिटला की नाही हे तो दाखवतच नव्हता, मिटण्याचा आदेश गेला एवढेच सांगत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक अलार्म वाजले. त्यांतला महत्त्वाचा कोणता, हे कळायची सोय नव्हती. बाहेर पडणारे पाणी ज्या टाकीत जात होते, तिचा मापक पॅनेलच्या मागच्या बाजूला होता. दाब राखणाऱ्या प्रेशरायझरमधली पाण्याची पातळी चढताना दिसत होती आणि तो पूर्ण भरू द्यायचा नाही, असे प्रशिक्षण होते. म्हणून ऑपरेटरांनी गाभा थंड ठेवणारे आणीबाणीचे पाणी कमी केले. प्रत्यक्षात अणुभट्टीलाच पाणी अपुरे पडत होते. गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला.

ऑपरेटर कच्चे होते, असे म्हणून मोकळे होता येईल. पण सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रातही असाच व्हॉल्व्ह उघडा अडकला होता आणि तिथल्या ऑपरेटरांनीही आणीबाणीचे पाणी असेच तोडले होते. भट्टी नऊ टक्के शक्तीवर होती म्हणून निभावले. माणसे वेगळी, केंद्र वेगळे, चूक तीच. अशा वेळी दोष माणसांच्या स्वभावात शोधणे हे निव्वळ आळशीपण ठरते. दुसऱ्या महायुद्धातही बी-१७ बॉम्बर विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकेच वर घेत. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपानिस यांच्या लक्षात आले की, दोन्ही स्विच शेजारी आहेत आणि दिसायला सारखे आहेत. एकाला चाकासारखी, दुसऱ्याला पाचरीसारखी मूठ दिल्यावर हा घोळ जवळजवळ थांबला. वैमानिक तेच होते.

यावर कोणी विचारेल, मग जबाबदार कोणीच नाही का? बेपर्वाईला शिक्षा हवीच. पण प्रामाणिकपणे फसलेल्याला शिक्षा केली, तर पुढचा माणूस चूक दडवतो. डेव्हिस-बेसीचा धडा कागदावर असूनही थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत पोहोचला नाही; असे धडे कागदावरसुद्धा येणार नाहीत, अशी व्यवस्था तरी आपण करू नये.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: माणसालाच बाजूला करा. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले की, नेहमीचे काम यंत्राकडे गेले की माणसाच्या वाट्याला फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि तेही सराव मोडल्यावर. बोइंग ७३७ मॅक्स विमानातली एमकॅस ही स्वयंचलित प्रणाली एकाच सेन्सरवर विसंबून विमानाचे नाक खाली दाबत राहिली. पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांना तिची नीट माहितीही दिलेली नव्हती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ जीव गेले. चुकणारा माणूस इथेही होताच, फक्त तो कॉकपिटमधून आरेखनाच्या टेबलापाशी सरकला होता.

म्हणून या संमेलनापुढे दोन सूचना ठेवतो. ऑपरेटरला काय दिसत होते, काय शिकवले होते आणि असे आधी कुठे घडले होते, या तीन प्रश्नांची उत्तरे नसलेला चौकशी अहवाल आपण स्वीकारू नये. आणि कंट्रोल रूमचा आराखडा पक्का होण्याआधी, रात्रपाळी करणाऱ्यांना नमुना पॅनेलसमोर बसवून आणीबाणी घडवून पाहावी. खर्च वाढेल, हे खरे. पण कागदावरचा दिवा हलवायला एक रेघ खोडावी लागते. केंद्र सुरू झाल्यावर तोच दिवा हलवायला केंद्र बंद ठेवावे लागते.